लिंबू दर शनिवारी, फिल्टर देव जाणे

पिकअप गाडीला दोन राखणदार असतात. एक बंपरला लटकलेला, म्हणजे सात मिरच्या आणि एक लिंबू. दुसरा बॉनेटखाली बसलेला डिझेल फिल्टर. पहिला दर शनिवारी न चुकता बदलतो. वसईतल्या माणिकपूर नाक्यावर सकाळी माळा घेऊन फिरणाऱ्या पोराला कुठल्या दुकानाचं शटर आणि कुठल्या टेम्पोचा बंपर आपल्या खात्यात आहे, हे तोंडपाठ असतं. मालक जागा असो की झोपलेला, जुनं लिंबू उतरतं, नवं चढतं. दुसऱ्या राखणदाराला मात्र वार नेमून दिलेला नाही. गाडी भर रस्त्यात बसली की त्याची आठवण काढायची, अशी आपल्याकडची रीत. नजर लागते यावर आपला विश्वास पक्का. डिझेलमध्ये पाणी उतरतं, हे मात्र पटवून द्यावं लागतं.

आमच्या शेजारच्या अंकलची पिकअप सगळ्यांशी सलोखा राखून असते. डॅशबोर्डवर मदर मेरी, आरशाला जपमाळ, ड्रायव्हरच्या आग्रहाखातर बंपरला लिंबू आणि नंबरप्लेटवर एमएच 48. ज्या महामार्गाने ती मुंबईला जाते त्याचाही नंबर पूर्वीचा 8 जाऊन 48 झाला, हा अंकलना शुभशकुन वाटतो. पहाटे केळीची पानं आणि फुलांच्या करंड्या दादरला, दुपारी कुणाचं तरी कपाट आणि वॉशिंग मशीन पूर्वेकडून पश्चिमेला, भाद्रपदात गणपती, डिसेंबरात नाताळच्या गोठ्याचं सामान. तिच्या आयुष्यात सुट्टी नाही, आणि तक्रार करायची तिला सवय नाही.

गेल्या पावसाळ्यात ती रेल्वेवरच्या पुलावर दम खाऊ लागली. रिकामी असली की चढायची, भरली की मध्येच अडखळायची. ‘पिकअपला पिकअप नाही’ हा विनोद नाक्यावर सगळ्यांनी करून झाला. अंकलचा पहिला संशय पंपावर, दुसरा ड्रायव्हरच्या उजव्या पायावर, तिसरा थेट पुलाच्या चढावर. फिल्टरवर कुणी संशय घेतला नाही. शेवटी एका सकाळी गाडी नाक्याजवळ बसलीच.

माणिकपुरात बॉनेट उघडणं ही खासगी बाब राहत नाही. पाच मिनिटांत एकाने बॅटरीचं निदान केलं, दुसऱ्याने टर्बोचं. भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या एका निवृत्त गृहस्थांनी ‘धक्का मारून बघितलं का?’ असं विचारलं आणि कुणी धक्का मारायच्या आत तिथून निघूनही गेले. मग मिस्त्री आला. त्याने कशालाही हात न लावता एकच प्रश्न विचारला.

“फिल्टर कधी बदललेला?”

“दिवाळीला,” अंकल ठामपणे म्हणाले.

“कुठल्या?”

अंकलने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने आभाळाकडे.

मिस्त्रीने आधी फडक्याने फिल्टरभोवतीची धूळ पुसून काढली. मग बिसलेरीची रिकामी बाटली खाली धरून बुडाचा निचऱ्याचा स्क्रू सैल केला. बाटलीत जे उतरलं ते आधी गढूळ दिसलं. त्याने ती बॉनेटच्या कडेला उभी करून ठेवली, आणि बघता बघता आतल्या मालाचे दोन भाग झाले. वर सोनेरी डिझेल, खाली बोटभर मातकट पाणी, आणि दोघांच्या मधोमध एक काळपट, शेवाळी पट्टा. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळ गाठतं. आणि जिथे पाणी न् डिझेल एकमेकांना टेकतात, तिथे जंतूंची वस्ती होते. आतापर्यंत पंपवाल्याला शिव्या घालणारी सगळी सभा ती बाटली बघून गप्प झाली.

आता सगळा दोष पंपाला देणं कठीण होतं. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या या पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातले बूटसुद्धा हिरवे होतात. अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी दमट हवेने भरलेली टाकी. रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतली वाफ आतून थेंबाथेंबाने धरते आणि तळाशी जाऊन बसते. डिझेल संपतं, नवं येतं. पाणी मात्र बिऱ्हाड हलवत नाही. म्हणून रात्री टाकी भरून गाडी उभी करावी, असं जाणते ड्रायव्हर सांगतात. रोजच्या भाड्यावर रोजचं डिझेल भरणाऱ्याला ते ऐकायला बरं वाटतं, इतकंच.

एवढ्याशा पाण्याने असं काय बिघडतं? आजची इंजिनं नाजूक झाली आहेत. कॉमन रेलच्या इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारच्या, कधी त्याहूनही जास्त दाबाने, केसाइतक्या बारीक छिद्रांतून फवारलं जातं. पंपाला आणि इंजेक्टरला वंगण असं वेगळं मिळत नाही; डिझेल हेच त्यांचं वंगण. त्यात पाणी आलं की धातूवर धातू घासतो, गंज धरतो. म्हणून फिल्टरमधला घड्या घातलेला कागद काही मायक्रॉनचे कणसुद्धा अडवतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला तर हिशेब लक्षात येईल. आमच्या लहानपणी नळाला बांधलेलं पांढरं फडकं चार दिवसांत तांबडं झालं की आई ते सोडून दुसरं बांधायची. फिल्टर तेच काम करतो, फक्त त्याचा रंग बाहेरून दिसत नाही. फिल्टरला काहीशे रुपये पडतात. इंजेक्टरचं बिल हजारांत येतं आणि चारही बोलू लागले तर गाडीवाला बोलायचा थांबतो.

जुना फिल्टर निघाला, नवा आला. नव्यात आधी डिझेल भरून बसवायचा की कोराच, यावर सभेत दोन तट पडले. मिस्त्री कोऱ्याच्या बाजूचा. कॅनमधलं डिझेल वरून ओतलं आणि ते चुकून गाळलेल्या बाजूला गेलं, तर कचरा सरळ इंजेक्टरच्या दारात. मग फिल्टर बसवला कशाला, हा त्याचा सवाल बिनतोड होता. त्याने नव्या ओ-रिंगला बोटाने डिझेल चोळलं, बाणाची दिशा बघून पाइप जोडले आणि हातपंप दाबायला सुरुवात केली.

खरं काम इथून पुढे होतं. फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा शिरते, आणि डिझेल इंजिन एक वेळ कचरा काही दिवस सोसेल, हवा क्षणभर सोसत नाही. जुन्या इंजिनांवर मिस्त्री लोक इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून, सेल्फ मारत हवा काढायचे. एका जुन्या ट्रकवाल्याने तोच सल्ला दिला, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. कॉमन रेलच्या त्या पाइपांना हात लावायचा नाही. तो दाब कातडी फोडून आत शिरतो. इथे इलाज एकच, अंगठ्याने पंप दाबत राहायचं. आधी तो पोकळ लागतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे पळताना दिसतात. मग हळूहळू कडक होत जातो आणि एका क्षणी अंगठ्याला ‘आता पुरे’ असं खालून उत्तर येतं. चावी फिरली. गाडी खोकली, पांढरा धूर ओकली, आणि लागली. सभा बरखास्त झाली. जो तो आपलंच निदान बरोबर ठरल्याच्या थाटात निघून गेला.

मला त्या बाटलीपेक्षा लिंबाचं कोडं जास्त दिवस पडलं होतं. अडाणीपणा म्हणून ते निकालात काढता येत नाही, कारण लिंबू बदलण्यातली शिस्त एखाद्या सर्व्हिस सेंटरला लाजवील अशी आहे. देखभालीचं फळ म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीचा आनंद मानायला माणसाला निमित्त लागतं. लिंबाला शनिवार आहे. गाडी धुण्याला, हार घालण्याला दसरा आहे. फिल्टरला ना वार, ना तिथी. मग त्याने आठवणीत राहावं कसं?

ही शंका मी अंकलपुढे मांडली, तेव्हा त्यांनी तिथी तिथल्या तिथे काढून दिली: 29 सप्टेंबर. आमच्या माणिकपूरच्या चर्चचे संत मायकल, त्यांचा सण. पाऊस ओसरत आलेला, टाकीत पाणी साठलेलं, म्हणजे मुहूर्तही शास्त्रशुद्ध. मी म्हटलं, योगायोग असा की हे इंजिन ज्याने काढलं तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली 29 सप्टेंबरच्याच रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हेही सांगितलं. अंकल गंभीर झाले. “शेंगदाणा तेलाचा भाव बघितलाय का? डिझेलच बरं.”

ड्रायव्हरला संत मायकलबद्दल आदर होता, पण त्याचा जीव दसऱ्यात होता; तोही त्याच सुमाराला येतो आणि हार त्याच दिवशी घालायचा असतो. दोघांचं एकमत होईना, तेव्हा प्रकरण मिस्त्रीकडे गेलं. तो म्हणाला, फिल्टरला सण कळत नाही, किलोमीटर कळतात.

अंकलने थोडा विचार करून निकाल दिला. “मग असं करू. किलोमीटर आधी भरले तर तेव्हा, नाहीतर सणाला. जे आधी येईल ते.”

“अंकल, गाडीच्या पुस्तकात हेच छापलंय. किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते.”

“असं?” अंकल खूश झाले. “मग तो पुस्तक लिहिणारा नक्की वसईचा असणार.”