फुकटचे लांब स्टड

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बैलांच्या शर्यतींना मुभा दिली. झरी जामणीकडच्या शंकरपटातला धुरकरी आखाची खीळ पाहिल्याशिवाय बैल सोडणार नाही. हौशी रॅलीवाल्याचे तसे नाही. जीप रुंद दिसावी म्हणून तो चाकामागे २५ मिलिमीटरचा स्पेसर घालतो, स्टड मात्र जुनेच. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नटाचे आटे निदान तेवढेच खोल बसावेत, एवढा साधा हिशेब. पण लांब स्टडचे पैसे स्टिकरवर गेलेले असतात. बेअरिंगवरच्या वाढीव ताणाबद्दल तर बोलायलाच नको. टॉर्क रेंचने नट तपासा म्हटले, तर उत्तर तयार: ‘भाऊ, पान्यावर उभा राहून आवळला नं!’ स्टड तिथेच ताणला जातो. लांब स्टडची हौस फुकटात भागते.