तंबूपती

केळशीत रात्र काढायला जागा मिळाली नाही, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. नारळी-पोफळींच्या आगरांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर घरगुती राहण्या-जेवण्याच्या पाट्या आहेत. आत वळलं की ओटी, ओटीवर झोपाळा, मागे रहाट गेलेली पण पाणी राहिलेली विहीर, आणि दुपारच्या पानात कडव्या वालांचं बिरडं, सोलकढी, आधी सांगून ठेवलं असेल तर उकडीचे मोदक. असं असताना शनिवारी दुपारी पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड अशी वळणं घेत एक गाडी येते, या सगळ्या पाट्या मागे टाकते आणि थेट सुरूच्या बनाशी जाऊन थांबते. तिच्यातून एक गृहस्थ उतरतात, कमरेवर हात ठेवतात आणि जमिनीकडे बारकाईने पाहू लागतात. समोर अख्खा समुद्र आहे, पण त्याची पाळी उद्या सकाळी. हे तंबूपती. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी बसून करायची, अर्धी विजार अनेक खिशांची, आणि मागे गाडीत बायको, दोन मुलं व कधीकधी सासूबाई. ‘दोन दिवस सगळ्या सोयींपासून लांब’ हा त्यांचा जाहीर हेतू असतो. माझं म्हणणं असं की या हेतूवर विश्वास ठेवू नये. तंबूपतींना सोयींचा कंटाळा आलेला नाही, निसर्गाची ओढ लागलेली नाही. त्यांना कुटुंबप्रमुखाची रिकामी पडलेली जागा परत हवी आहे, आणि ती मिळवायला सहा बाय सात फुटांचं कापड पुरतं असं त्यांच्या लक्षात आलं आहे.

पहिला पुरावा गाडीच्या डिकीत आहे. सोयींपासून लांब जाणारा माणूस सोयी घरी ठेवून निघतो. इथे मात्र घडीच्या खुर्च्या निघतात, त्यांच्या हातात पेला ठेवायची खोबण असते. मग गॅसची छोटी शेगडी, हवा भरायच्या गाद्या, त्या भरायचा पंप, तो पंप चालवायची बॅटरी, कपाळाला बांधायचे चार दिवे, वीस लिटर पाण्याचा जार, डासांचं मलम, डासांची उदबत्ती, डासांची बॅट, आणि या सगळ्याच्या तळाशी एक जुनी सतरंजी. शेवटी झोप लागते ती सतरंजीवरच, पण तिचं नाव सामानाच्या यादीत नसतं, कारण ती सासूबाईंनी आणलेली असते. खाण्याच्या पिशवीत चिवडा, शंकरपाळे, थालीपिठाची भाजणी आणि मॅगीची बारा पाकिटं. घरातली जी वस्तू मागे राहिली असेल ती केवळ डिकीत मावली नाही म्हणून राहिली. दुसरा पुरावा जागेच्या निवडीत आहे. तंबू एकांतात हवा, पण मोरीपासून शंभर पावलांच्या आत हवा. म्हणून ज्या घराची पाटी मघाशी मागे टाकली, त्याच घरी पहिल्या अर्ध्या तासात ‘जरा बाथरूम वापरलं तर चालेल का’ अशी चौकशी होते. कोकणी घरमालक चालेल म्हणतो. तो नाही म्हणत नाही, फक्त ‘आणि जेवायचं?’ एवढंच विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता आत दोन वाट्या तांदूळ जास्त टाकायला सांगतो.

तंबूपतींचा उगम शोधायला गेलं तर तो बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या तळ्याकाठी सापडतो. तिथे साडू राहतो. साडूचं कुटुंब उन्हाळ्यात राज्य सरकारच्या उद्यानात तंबू घेऊन जातं आणि त्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर येतात. आता त्या फोटोंत काय असतं? क्रमांक घातलेली, कित्येक महिने आधी राखून ठेवलेली जागा. गाडी लावायला आखलेला तुकडा, लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, चालत जाण्याच्या अंतरावर स्वच्छतागृह, आणि अस्वलांचा वावर असेल तर खाणं ठेवायला पोलादी पेटी. म्हणजे तिकडची रानातली रात्र ही नियमांच्या पुस्तकातली असते. पुण्याच्या कुठल्याही सोसायटीपेक्षा तिथे शिस्त जास्त. पण फोटोत नियम दिसत नाहीत, साडू दिसतो. हातोडी घेतलेला, घामेजलेला, मागे तळं, आणि बाजूला मुलं त्याच्याकडे पाहत आहेत. तंबूपतींच्या काळजात रुततं ते तळं नव्हे, मुलांचं पाहणं.

यावर कोणी म्हणेल की तळंच हवं होतं तर पवना काय वाईट? लोणावळ्यापलीकडे पवना धरणाच्या काठाला, तुंग आणि तिकोन्याच्या नजरेसमोर तंबूंच्या ओळीच्या ओळी लागलेल्या असतात, पैसे भरले की तंबू तयार, संध्याकाळी चहा-भजी, रात्री निखाऱ्यावरचं पनीर-चिकन आणि कोणीतरी गिटार घेऊन जुनी हिंदी गाणी. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धक्का देईल असं वाटतं, पण त्याने ते पक्कंच होतं. तंबूपती पवनेला एकदा जातात आणि रुसून परत येतात. तंबू तोच, तळं भरलेलं, डोंगर समोर. बिनसलं एवढंच की तंबू दुसऱ्या कोणीतरी ठोकून ठेवलेला होता. निसर्गासाठी गेलेल्या माणसाला मेख कोणी ठोकली याचं काय पडलंय? तंबूपतींना पडलेलं असतं. तयार तंबू ही त्यांच्या दृष्टीने खोलीच, फक्त भिंती पातळ.

घरी त्यांची अवस्था काय आहे ते पाहिलं म्हणजे हे समजतं. एके काळी वडील नावाच्या माणसाला घरात कामं होती. बाजारातून पोतं आणायचं, फ्यूज बसवायचा, अँटेना फिरवायला गच्चीवर जायचं, रेल्वेच्या आरक्षणासाठी पहाटे रांगेत उभं राहायचं, विम्याचा हप्ता भरायचा. कामं फार कठीण नव्हती, पण ती दिसायची. आता वाणसामान दारात येतं, तिकीट फोनवर निघतं, फ्यूजच्या जागी खटका आला आणि अँटेना कबुतरांना सोडून दिली. कमाई तर बायकोचीही तितकीच. उरलेला बाप सोफ्यावर असतो आणि वायफाय बंद पडलं तरच त्याला हाक येते. तेव्हाही तो ते बंद करून पुन्हा चालू करतो, हे मुलांना आता येतं. अशा माणसाला मेख, दोरी, हातोडी आणि वारा ही चार पात्रं एकत्र भेटली की त्याचा आवाजच बदलतो. ‘तो कोपरा धर’, ‘सोडू नको’, ‘मी सांगेपर्यंत सोडू नको’. पुण्यातल्या घरात या तीन वाक्यांना वर्षभर जागा नसते.

तंबू ठोकण्याचा हा सोहळा केळशीत विशेष रंगतो, कारण वाळू मेख धरत नाही. मातीत चालणारी मेख पुळणीत लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. खरा उपाय असा की पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरायची आणि दोरी तिला बांधायची, किंवा सरळ सुरूच्या खोडाला. हा उपाय मेखेच्या पाकिटावर लिहिलेला नसल्याने तो दीड तासाने सापडतो. मग तोंडाची दिशा. संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो म्हणून दार समुद्राकडे; रात्री तोच वारा पडतो किंवा जमिनीवरून फिरून येतो, आणि आतली चार माणसं वाफवली जातात. भरतीचं गणित आणखी नाजूक. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि थोड्याफार फरकाने पूर्ण भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तंबूपती मात्र चांदण्यासाठी पौर्णिमेचा शनिवार शोधून आलेले असतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे जेवण आटोपून सगळे आडवे झाले की उधाणाची भरती. वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ पुळणीवर दुपारपासून दिसत असते. ती सासूबाईंना दिसलेली असते, आणि त्यांनी ती एकदा सांगून पाहिलेलीही असते.

निसर्गप्रेमाच्या बाजूने बोलणाऱ्यांपुढे मी केळशीचीच साक्ष काढतो. खाडीच्या तोंडाशी, भारजा नदी समुद्राला मिळते तिथे, वाळूची एक उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचे थर तपासले. काहींनी त्यांचा संबंध जुन्या त्सुनामीशी जोडला आणि त्यावर जाणकारांत वाद आहे. एकही मेख न ठोकता वाळू इतकी वर्षं कशी उभी राहिली हा प्रश्न तंबूपतींच्या खास जिव्हाळ्याचा असायला हवा, पण टेकडी पाहायला ते जात नाहीत, कारण तंबू एकटा कसा सोडायचा? तीच गत कासवांची. या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात. वरच्या अंगाला वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरू केलेल्या संवर्धनामुळे कासव महोत्सव नावारूपाला आला. मादी रात्रीच्या अंधारात वर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. उजेडाने ती बिचकते आणि पिल्लं तर दिव्याला समुद्र समजून भलतीकडे चालू लागतात. म्हणजे ज्या काळात पुळणीवर सगळ्यात पाहण्यासारखं काही घडतं, त्या काळात पुळणीवर तंबू आणि चार कपाळदिवे नसावेत, हेच निसर्गप्रेम. हे मी थट्टेत सांगत नाही.

मुलांचा मुद्दा जरा वजनदार आहे. मुलं हाताने काम करायला शिकतात, असं म्हणतात, आणि बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसएक मुलांचं जे शिबिर भरवलं त्याचा दाखला देतात. दाखला बरोबर आहे, फक्त त्या बेटावर मुलं आपापल्या वडिलांशिवाय आली होती. केळशीत मुलांच्या वाट्याला विजेरी धरणं येतं, तेही ‘इकडे नाही, इकडे’ ऐकत. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या बापाला काहीतरी येत नाही, तो चिडतो, पुन्हा करतो, शेवटी शेजारच्या आगरातल्या माणसाला हाक मारतो, हे मुलं इतक्या जवळून एरवी पाहत नाहीत. सोफ्यावरच्या बापाचं काही चुकतच नाही, कारण तो काही करत नाही.

कुटुंबासह तंबूत राहणं आपल्या परंपरेत नाही, असंही नाही. मराठ्यांनी तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि त्याचा निकाल १७६१ साली पानिपतावर लागला. लढणाऱ्यांपेक्षा यात्रेकरू, बायकामुलं आणि बाजारबुणगे जास्त, ही तक्रार इतिहासकार अजून करत आहेत. पण त्या छावणीत सरदार मेखा ठोकत नव्हते. डेरे, राहुट्या, कनाती उभारायला फरास असत, त्यांचा स्वतंत्र कारखाना असे; पुण्यातला फरासखाना आता पोलीस ठाणं म्हणूनच लोकांना माहीत आहे. तंबूपतींची अडचण अशी की त्यांना सरदारही व्हायचं आहे आणि फरासही, आणि बाजारबुणग्यांचं सगळं काम मात्र बायकोकडे राहतं. या मुद्द्यावर मी त्यांची बाजू घेऊ शकत नाही. तंबूतला स्वयंपाक म्हणजे ओट्याशिवायचा, नळाशिवायचा, वाळू पडणारा स्वयंपाक. मॅगी ढवळली एवढ्यावरून ‘आज जेवण बाबांनी केलं’ असं ग्रुपवर जातं. पातेली कोणाच्या विहिरीवर कोणी घासली ते जात नाही.

गावाला हे सगळं कसं दिसत असेल? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर कौलं आणि पत्रे उडवले, पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ताडपत्रीखाली राहणं म्हणजे काय ते इथल्या घरांनी पावसाळ्याच्या तोंडाशी अनुभवलं, आणि त्याचे फोटो काढून कोणाला साडूला पाठवायचे नव्हते. तरी पाहुण्याला कोणी टोचून बोलत नाही. काहीजण म्हणतात की अशा निरुपद्रवी माणसाची थट्टा तरी का करावी. पुळणीवर चारचाकी गाड्या फिरवणारे, रात्रभर भोंगे लावणारे यांच्यापेक्षा तो शंभरपट बरा. हे खरं आहे आणि मला पूर्ण मान्य आहे. तंबूपती कचरा पिशवीत भरून नेतात, शेजाऱ्याला चिवडा देतात आणि सकाळी साडेआठला, तंबू उभा करून झालेला असल्यामुळे, त्यांना करण्यासारखं काही उरत नाही.

केळशीसारख्या गावांत यावर तोड निघू लागली आहे, आणि ती घरातल्या बायकांनी काढली आहे. पुढच्या खेपेला फोन बायको करते. खोली एक, जेवण सगळ्यांचं, मोदक रविवारी, ‘आणि ह्यांचा तंबू तुमच्या खळ्यात लावला तर चालेल ना?’ मालकाला चालतं. तो तंबूचं वेगळं भाडं घेत नाही, जेवणाच्या पानांवरून हिशेब करतो. संध्याकाळी सगळं कुटुंब चहा घेऊन ओटीवर झोपाळ्यावर बसतं, कारण कोणी पाहणारं नसेल तर तंबू ठोकण्यात अर्थ नाही, हे आता सर्वांना कळलं आहे. मुलगा गरज पडली तर खाली उतरून कोपरा धरतो. सासूबाई झोपायला आत जातात. शेणाने सारवलेल्या, चोपण्याने धोपटलेल्या खळ्यात मेख शिरतच नाही, हे मालकाला ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. सातच्या आत तंबू उभा राहिला तर जेवणापर्यंत पाहुण्यांचा वेळ कसा जायचा?