टायरवरचा शिलालेख

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२चा शिलालेख वाचायला विद्वान लागले. आपल्या गाडीखाली चार शिलालेख फिरतात, ते वाचायला नुसतं वाकावं लागतं. तेवढंही कोण करतो?

'१८५/६५ आर १५ ८८ एच'. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. रबर नव्हे, शेजारच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं तरी. रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. आणि एच? ताशी २१० किलोमीटरची मुभा! उल्हासनगरात रिक्षामागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना हे अक्षर जरूर आठवावं. खड्ड्यांसाठी मात्र कुठलंच अक्षर नाही.

खरी गंमत टायर बनल्याच्या चार आकडी तारखेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुधाच्या पिशवीवरची तारीख उजेडात धरून वाचणारे आम्ही बदलापूरकर, टायर घेताना एवढंच विचारतो, ''किती कमी कराल?'' 'मेड इन यूएसए'तल्या यूएसएचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा अर्थ लावण्याइतकी अक्षरांची हौस या पट्ट्यात आहे. ती टायरच्या दुकानात नेमकी कुठे जाते कोण जाणे.

ही तारीख पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली, की गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा टायर चढवायच्या आधीच बघा.