मारोतीशी बोलणी

कोंढ्याचे काकाजी प्रार्थना करत नाहीत, मारोतीशी बोलतात. सकाळी आंघोळ आटोपली की खांद्यावर दुपट्टा टाकून देवळात येतात, घंटा एकदाच वाजवतात आणि ओट्यावर मांडी ठोकतात. "का गा मारोती, झोप झाली का?" इथून सुरुवात.

मग सगळा हालहवाल. पऱ्हे पिवळे पडले, डीपी जळली, रोवणीला बाया मिळेनात, सून माहेराहून यायची आहे. मागणं सर्वांत शेवटी, तेही उठता उठता : "पानी पाड. पन गोसेखुर्दवानी नोको करू." 1988 साली राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं ते धरण याच पवनी तालुक्यातलं. कालव्यांची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली, त्यामुळे मारोतीला खुलासा करावा लागत नाही.

संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत हेच काकाजी टोपी घालून रांगेत ताठ बसतात, एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ते गावाचं बोलनं, हे घरचं."

निवृत्त गुरुजींना हे घरचं बोलणं अजिबात खपत नाही. ते गाभाऱ्यासमोर डोळे मिटून एका दमात स्तोत्रं म्हणतात. एकदा मध्येच थांबून म्हणाले, "काकाजी, देवाशी बोलायची काही रीत असते!"

"नामदेव का विठ्ठलाला अर्ज लिहून देत होता, गुरुजी? अन् जनाबाई तं भांडे त्याच्याशी."

गुरुजींनी पुन्हा डोळे मिटले.

अशा बोलण्याची एक अडचण आहे. पाठ केलेल्या ओळींमागे माणसाला आरामात लपता येतं, गप्पांत मात्र पोटातलं ओठावर येतंच. परवा काकाजी बराच वेळ दुपट्ट्याचं टोक पिळत बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मारोती, अवंदा धुरा जरासा सरकला गा. आपोआप नाही सरकला. मीच सरकवला. हातभर. रोवनी झाली का मागं घेतो."

गुरुजींचं स्तोत्र अर्ध्या ओळीत थांबलं. दोघांची शेतं लागून, मधे फक्त धुऱ्याचा बांध. डोळे उघडून ते गरजले, "कोणता धुरा?"

काकाजींनी मान वळवली नाही.

"गुरुजी, तुम्ही आपलं स्तोत्र म्हना. आमचं खाजगी बोलनं सुरू आहे."