चुकलेला नवरदेव

मांडवात भलताच नवरदेव शिरावा आणि वऱ्हाडानं खरं लग्न सोडून त्याच्याच भोवती गर्दी करावी, तसं फेब्रुवारी २०२१ मध्ये आसामात झालं. तिनसुकिया जिल्ह्यात मागुरी-मोटापुंग बील नावाची पाणथळ जागा आहे. (तिकडे अशा तळ्याला बील म्हणतात, पैसे भरण्याशी संबंध नाही.) तिथे एक मँडरिन बदक उतरलं. घर चीन, जपान, कोरियाकडचं. त्या भागातली आधीची नोंद १९०२ सालची. मधल्या शंभराहून जास्त वर्षांत स्वारी फिरकलीच नाही, की आली तेव्हा बघायला कुणी नव्हतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

आमचे साडू पुण्याहून तडक दिब्रुगढला गेले. घरच्या मुंजीलाही त्यांनी एवढी लगबग दाखवली नव्हती. परत आल्यावर मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“दिसलं?”

“ही जलपर्णी ना?”

“तिच्या डावीकडे बघा हो!”

डावीकडे एक केशरी ठिपका होता. साडूंनी तो दोन बोटांनी ताणला. ठिपका मोठा झाला, त्याचं बदक काही झालं नाही.

मग मी पुस्तक काढलं. त्यातल्या नराला मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. लाल चोच, डोळ्यावरून मागे गेलेला रुंद पांढरा पट्टा, गालांवर केशरी कल्ले, आणि पाठीवर होडीच्या शिडासारखी उभी राहिलेली दोन केशरी पिसं. तिकडे हे जोडपं एकनिष्ठ संसाराचं प्रतीक. कोरियात लग्नात लाकडी बदकांची जोडी देतात. प्रत्यक्षात मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवत बसते आणि पिल्लं बाहेर यायच्या आत साहेब पसार होतात. पुढे पिल्लं ढोलीतून खाली उड्या टाकतात, ती आईच्या हाकेवर. हे वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, “म्हणजे हा चुकला नाही, सटकलाय!”

पण पाहुणा उतरला ते घर सुतकातलं होतं. मे २०२० मध्ये या बीलाजवळ, बागजानला, नैसर्गिक वायूची विहीर उसळली. जूनमध्ये पेटली, ती विझायला नोव्हेंबर उजाडला. पाण्यावर तेलाचा तवंग, मेलेले मासे, काठावरची जळालेली घरं. त्याच पाण्यावर काही महिन्यांनी हा असा नटूनथटून हजर. साडू सांगत होते, होडीला माणसांची रांग लागली होती. नावाड्यांच्या हाती चार पैसे पडले असतील तर त्या ठिपक्याचे सगळे गुन्हे माफ.

इकडे भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, दर हिवाळ्यात चक्रवाक येतात. लडाख-तिबेटकडून, हिमालय ओलांडून. तीही बदकंच, अंगानं केशरीच. संस्कृत कवींनी तर त्यांच्या जोडप्यांना रोज रात्री विरहाची शिक्षा ठोठावून ठेवलेली. साडूंचं घर तिथून दोन-अडीच तासांवर, तरी त्यांच्या मोबाइलमध्ये चक्रवाकाचा एकही फोटो नाही. मी कारण विचारलं.

“ते काय, येतातच की!”

थंडी सरेपर्यंत असतात ते. होडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, पहाटे निघा आणि टोपी विसरू नका.