शीर्षक ऐच्छिक

भाऊंना दुकानात पाठवायचं धाडस घरात फक्त वहिनी करतात. यादीत नुसतं 'तेल' दिसलं की भाऊ पिशवी घेऊन उंबऱ्यातच थबकतात. "कोणतं ते लिहिलं नाहीस. म्हणजे नेहमीचं, की कुठलंही चालेल, की तुझंच ठरत नाहीये?" वहिनी त्यावर काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

भाऊ मुंबईची नोकरी कशेडीच्या पडवीत बसून करतात. काम आकड्यांचं, प्रणाली आर. ती घडवणारे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन भाऊंच्या तोंडी "आपले ऑकलंडचे" असतात. पावसाचे आकडे घेऊन आलेख काढणारं एक फंक्शन त्यांनी लिहिलंय. शीर्षक द्यायचं तर द्या, नाहीतर राहू द्या. तुमच्या-आमच्यासाठी विषय इथे संपला. भाऊंचा इथे सुरू होतो.

शीर्षक दिलंच नाही, तर 'नल'. मुद्दाम कोरं ठेवलं, तर रिकामी अवतरणचिन्हं. असेल पण ठाऊक नाही, तर 'एनए'. 'इफ'मध्ये नुसतं "कोरं आहे का?" विचारलं, तर पहिल्या आणि तिसऱ्या गप्पपणापुढे आर चूक दाखवून थांबतं. म्हणून भाऊ आधी 'इज.नल' विचारतात, मग 'इज.एनए', कोरेपणा शेवटी. आणि न विचारता 'पेस्ट'नं शब्द जोडलेत, तर नल एकही अक्षर न उमटवता निघून जातो, एनए मात्र अक्षरांसकट चिकटतो. एकदा आलेखाच्या डोक्यावर 'पोलादपूर एनए' आलं आणि शेजारच्या काकांनी गुंठ्याचा भाव विचारला.

पर्याय ठरलेले असले की भाऊ खुलतात. तिथे 'मॅच.आर्ग'. मार्ग: बोगदा, घाट. काही सांगितलं नाही तर पहिला. नुसतं 'घा' लिहिलं तरी घाट समजतो. 'होडी' लिहिलंत तर काम बंद, वर कोणते पर्याय चालतील तेही ऐकून घ्या. पोलादपूरला निघालेला पाहुणा रस्त्याबद्दल गप्प राहिला, तर भाऊ त्याला न विचारता बोगद्यातून धाडतात.

गाव हसतं. पण भाऊंचं फंक्शन रिकाम्या शीर्षकापायी कधी अडलेलं नाही, हे हसणाऱ्यांनाही कबूल करावं लागतं. त्यांच्याकडे जेवायला गेलात तर काय हवं ते स्पष्ट बोला. संकोचलात तर डिफॉल्ट कुळथाची पिठी आहे, आणि ती भाऊ स्वतः करतात.