अकरावं लिंबू

आमच्या चेन्नईतल्या पेरांबूरच्या घरी आजवर बरेच पाहुणे राहून गेले, पण गेल्या दसऱ्याला आली तशी पाहुणी पुन्हा होणे नाही. वजन शंभरेक किलो, उभी केली की माझ्या कमरेच्या वर, आणि अंगाला ग्रीस. माझ्या थोरल्या मामेभावाच्या दहाचाकी ट्रकची स्टेपनी.

दादा निफाडहून कांदा घेऊन कोयंबेडूच्या बाजारात आला होता. माल उतरला, परतीचं भाडं ठरेना, त्यात स्टेपनी टांगायची साखळी तुटली. माधवरमच्या एका गॅरेजात गाडी लावून स्वारी स्टेपनीसकट टेम्पोतून माझ्या दारात.

"अरे, गॅरेजातच ठेवायची ना," मी म्हटलं.

"गाडी चोरीला गेली तर पोलीस लिहून तरी घेतात. स्टेपनी गेली म्हटलं की हसतात."

स्टेपनी हा शब्द मला आपलाच वाटायचा. तो निघाला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरचा. तिथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस नावाच्या भावांनी मोटारीसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. तिकडे आता हे नाव कुणी घेत नाही. ते जपलंय आपल्या पंक्चरवाल्यांनी.

तर ही वेल्सची लेक आत ढकलताना घरमालकीण मामींच्या कोलमवरून गेली. कोलम म्हणजे पहाटे तांदळाच्या पिठाने घातलेली रांगोळी. ते अंगाला लावून टायर आमच्या लाल फरशीवर पांढरी नक्षी उठवत सरळ टीव्हीपर्यंत पोचला. मामी धावत आल्या. मी तमिळमध्ये माफी जुळवत होतो. पण मामींचा हात पन्नास वर्षं नक्षीत मुरलेला. कोलम राहिलं बाजूला, त्या वाकून फरशी बघत बसल्या. मग एका कडेला बोट दाखवून म्हणाल्या, "तेंजु पोच्चु." झिजून गेलं.

खरंच. उजव्या अंगाच्या रेघा ठसठशीत, डावीकडे नुसती कोरी फरशी.

दादाचा चेहरा उतरला. हाच टायर चार महिन्यांपूर्वी पुढे डाव्या बाजूला होता. "गाडी टायर खाती," तो हळूच म्हणाला. जावई पितो हे सांगताना माणसं लावतात तो आवाज. एका अंगाने खाल्लेला टायर त्याने काढला, स्टेपनी म्हणून मागे टांगला आणि तो विषय तिथेच मिटवला. खाणाऱ्या गाडीला मात्र कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माधवरमच्या मिस्त्रीने विचारलं. त्याने पुढच्या टायरवर आडवा तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवत. चवडे आत टाकून चालणाऱ्या माणसासारखी पुढची चाकं तिरपी झाली होती. गाडी सरळ जायची आणि चाकं जाता जाता आडवी घासायची. निफाड ते चेन्नई हजाराहून जास्त किलोमीटर, म्हणजे रबराची खिसणीच. माझ्या चपलेची टाचही वर्षानुवर्षं बाहेरून झिजते, पण मला अलाइनमेंटला कोण नेणार?

"मग एक कोरा टायर घेऊन टाक स्टेपनीला," मी शहाणपणा केला. दादाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मागे चाकं जोडीने असतात. जुन्याच्या शेजारी कोरा टायर बसवला की तो उंच पडतो, सगळा भार एकटा घेतो, तापतो आणि एखाद्या दुपारी फुटतो. बुटका शेजारी नुसता फरफटतो आणि फरफटून झिजतो. आमच्या आजोळच्या वाटण्या आठवल्या. म्हणजे स्टेपनी फार चांगली असून चालत नाही, फार वाईट असून तर नाहीच. वर्षानुवर्षं न वापरता टांगली तर रबर कडक होऊन तडकतं ते वेगळंच. ऑफिसात बावीस वर्षं मी इतरांच्या रजेच्या जागी बसतो. माझं प्रमोशन का अडलंय ते मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

अलाइनमेंट मात्र लगेच होईना, कारण खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी अख्ख्या चेन्नईत पान्यालाही सुट्टी असते. गाड्यांना केळीचे खुंट, हारतुरे, रस्त्यावर फोडलेले कोहळे. त्यावरून दुचाकीवाले घसरतात तेही परंपरेनेच. १९४६ साली तिरुवोट्टियूरच्या शेडमध्ये फुगे बनवत टायरवाली एमआरएफ सुरू झाली, तेव्हा हवेवर पोट भरायची विद्या या शहराला जुनीच. तिची पूजा व्हायलाच हवी. मिस्त्रीने दादाच्या ट्रकखाली दहा लिंबं ठेवली, गाडी पुढे घेतली, दहाही चिरडली.

घरी येऊन हे मामींना सांगितलं तर त्यांनी हॉलकडे पाहिलं. "आणि हिचं?"

आत जाऊन त्या अकरावं लिंबू घेऊन आल्या. मी आणि दादाने स्टेपनी उभी धरली, "हं" म्हणून ढकलली. लिंबू नेमकं खाल्लेल्या बाजूला सापडलं, तिथल्या उतारावरून सुळकन निसटलं आणि अखंड सोफ्याखाली गेलं. मामींनी झाडूने ते काढलं, पदराने पुसलं आणि काही न बोलता घेऊन गेल्या.

रात्री त्यांच्याकडून पातेलीभर लिंबूभात आला. पहिला घास हातात धरून दादाने विचारलं, "ते तेच का रे?"

"जेव," मी म्हटलं.